बर्फात निघालात, बीकन घेतलाय का?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात आपल्या अंकाबरोबर हिवाळी सहलींची पुरवणी आली होती. माझ्या वहिनीनं साताऱ्याहून तिच्या पानांचे फोटो काढून मला पाठवले, कारण तिचा मुलगा पुण्यातल्या मित्रांबरोबर गुलमर्गला निघाला होता. पुरवणी मनापासून केलेली होती. थर्मल किती न्यावेत, बूट भाड्यानं घेताना काय पाहावं, शाकाहारी जेवणाची सोय, लहान मुलांना थंडी बाधू नये म्हणून काय करावं, सगळं होतं. मी ती दोनदा वाचली. हिमस्खलन हा शब्द तिच्यात एकदाही आला नव्हता.

फेब्रुवारीत भाच्यानं व्हिडिओ पाठवला. त्याची स्कीइंगची ही तिसरी खेप. गोंडोला या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवट डोंगराच्या खांद्यावरून, तो आणि त्याचे दोन मित्र आखलेली वाट सोडून ताज्या बर्फातून खाली येताना दिसत होते. सुरेख उतरत होता. मी लगेच फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बीकन होता ना अंगावर?"

तो म्हणाला, "आत्या, ते काय असतं?"

बीकन म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून अंगावर बांधायचं, संकेत सोडणारं यंत्र. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. आता एप्रिल संपत आलाय, इथला बर्फाचा मोसम शेवटच्या दिवसांवर आलाय. पुढच्या पुरवणीची जुळवाजुळव आपल्याकडे सुरू व्हायच्या आत लिहून टाकावं, असं ठरवलं.

मी मूळची साताऱ्याची. गेली चौदा वर्षं अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत राहते आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. हे शहर वासाच नावाच्या डोंगररांगेला अगदी चिकटून आहे. साताऱ्याला अजिंक्यतारा जसा उशाशी, तसं. शहर साधारण १,३०० मीटर उंचीवर. तिथून लिटल कॉटनवुड कॅन्यनच्या रस्त्यानं गाडी वर नेली की अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही आल्टा गावात, २,६०० मीटरवर पोचता. खाली जर्दाळूचा बहर झडून गेलेला असतो आणि वर माणूस बुडेल एवढा बर्फ. २०२२-२३च्या मोसमात आल्टाला ९०३ इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ तेवीस मीटर. तो तिथला विक्रम आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे करतात आणि आमच्या संध्याकाळी सुरू होतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आठच्या पुढे मावळतो. साडेचारला कामावरून सुटलं तरी साडेतीन तासांचा उजेड हाताशी राहतो. आम्ही चौघं आहोत. एक रुग्णालयात नर्स, एक शाळेत गणित शिकवणारा, एक सुतार आणि मी. आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा, कॅन्यनच्या तोंडाशी तीन गाड्या ठेवायच्या आणि सुताराच्या गाडीतून चौघांनी वर जायचं. त्या गाडीला कायम देवदाराच्या भुशाचा वास असतो.

आम्ही करतो त्याला बॅककंट्री म्हणतात. तिथे लिफ्ट नसते, आखलेले उतार नसतात, आणि स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडून ठेवणारी माणसं नसतात. चढायचं ते आपल्या पायांनी. त्यासाठी स्कीच्या तळाला स्किन नावाची लांब पट्टी चिकटवतात. तिची लव एकाच दिशेला निजलेली असते, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. पूर्वी सीलचं कातडं वापरत, नाव त्यावरूनच राहिलंय. आता पट्टी नायलॉनची किंवा मोहेरची असते. टाच मोकळी सोडायची आणि चालत सुटायचं. माथ्यावर पट्ट्या ओढून काढायच्या, टाचा अडकवायच्या, आणि उतरायचं.

सुताराकडे स्प्लिटबोर्ड आहे. तो स्नोबोर्ड मधोमध उभा सुटतो. चढताना त्याच्या दोन स्की होतात आणि माथ्यावर त्या जोडल्या की परत एक फळी. ही कल्पना घडवण्यात सॉल्ट लेकच्या लोकांचा मोठा वाटा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रेट कोबर्निक या तरुणानं आपला बोर्ड उभा कापून तो प्रयोग इथल्या एका कंपनीला दाखवला आणि त्यातून विक्रीचा स्प्लिटबोर्ड तयार झाला. हेच कोबर्निक पुढे युटा ॲव्हलांच सेंटरमध्ये हिमस्खलनाचं भाकीत करू लागले. आल्टाच्या लिफ्टवर स्नोबोर्डला आजही मनाई आहे, अमेरिकेत अशी तीनच ठिकाणं उरलीत. आमच्या सुताराला मात्र आल्टाच्या रस्त्याच्या टोकापासून आपल्या पायांनी वर जायला कुणाची आडकाठी नाही. फळी जोडायला त्याला आमच्यापेक्षा चार मिनिटं जास्त लागतात. ती चार मिनिटं आम्ही थर्मासमधला आल्याचा चहा ओतण्यात घालवतो.

आमची नेहमीची वाट ग्रिझली गल्चची. गल्च म्हणजे आपल्याकडचे ट्रेकर म्हणतात ती घळ. आल्टा हे एकेकाळी चांदीच्या खाणींचं गाव होतं आणि या घळीत जुन्या खाणींच्या खुणा अजून दिसतात. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांनी आजूबाजूची झाडं तोडली, उतार बोडके झाले, आणि त्या गावावर बर्फ कोसळून कितीतरी माणसं गेली. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस याच आल्टात अमेरिकेच्या वनखात्यानं हिमस्खलनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. घळीच्या डोक्यावर ट्विन लेक्स पास नावाची खिंड आहे, साधारण ३,०४० मीटरवर. पावणेसहाला निघालो तर सव्वासातला तिथे पोचतो.

वसंतातला बर्फ हिवाळ्यातल्या बर्फासारखा नसतो. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं काही दिवस झालं की पृष्ठभागावर सुटे, गोल, टपोरे दाणे तयार होतात. इथले लोक त्याला कॉर्न म्हणतात, मक्याचे दाणे. मला तो नीट भिजलेला साबुदाणा वाटतो: दाणा दाण्याला चिकटत नाही आणि बोटात धरला तर दबतो. असा बर्फ दोन बोटं खोल मऊ आणि त्याखाली टणक असला की त्यावरून उतरण्यासारखं सुख नाही. पण संध्याकाळचं गणित सकाळच्या उलट असतं. सकाळी तुम्ही बर्फ मऊ व्हायची वाट पाहता, संध्याकाळी तो परत कडक होण्याआधी उतरायचं असतं. फार लवकर माथा गाठला तर दिवसभराचा रबरबीत चिखल. उशीर झाला तर सावली येते आणि आधी गेलेल्यांचे माग दगडासारखे थिजतात. खिंडीतून खाली येणारा उतार नैऋत्येकडे तोंड करून आहे, तिथे ऊन उशिरापर्यंत रेंगाळतं. त्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी आम्ही दीड तास चढतो.

चढताना बर्फाखालून ओढ्याचा आवाज येत असतो. मला तो आवाज माझ्या कामाचाही वाटतो, कारण लिटल कॉटनवुडचं हे पाणी शहराच्या नळाला जातं. म्हणूनच या कॅन्यनमध्ये कुत्री आणायला बंदी आहे, गाडीतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या वाळवंटातून धूळ उडून आली आणि सगळा उतार पिठीसाखरेवर दालचिनी भुरभुरल्यासारखा दिसू लागला. मळलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. त्या पट्ट्यांवर आले की स्की गचकन धरल्यासारखी अडते आणि माणूस पुढे झोपतो. खाली ग्रेट सॉल्ट लेक आटत चाललंय, नोव्हेंबर २०२२मध्ये ते नोंदींतल्या सगळ्यांत खालच्या पातळीला गेलं होतं. उघडा पडलेला त्याचा तळही आता या धुळीत भर घालतो. प्रयोगशाळेत बसून हे आकडे वाचणं वेगळं आणि स्कीखाली ती धूळ लागणं वेगळं.

पण मी पत्र लिहायला बसले ते धोक्याबद्दल. कामानंतरच्या या फेऱ्यांना स्वतःचा असा एक धोका असतो आणि तो मला माझ्याच अंगावरून कळला.

गेल्या वर्षी मार्चअखेरची गोष्ट. त्या दिवशी प्रयोगशाळेत एक यंत्र बिघडलं होतं, मी वीस मिनिटं उशिरा पोचले. बाकीचे गाडीत बसून होते, मला ओशाळल्यासारखं झालं होतं. वर पोचल्यावर भराभर बूट चढवले, स्किन चिकटवल्या, मुकाट निघाले. आमच्यात एक रीत आहे. सगळ्यांत पुढचा माणूस दहा पावलांवर जाऊन उभा राहतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्या समोरून जातात. त्याच्या हातातल्या बीकनवर प्रत्येकाचा संकेत आला पाहिजे. मी नर्सच्या समोरून गेले आणि तिचा बीकन गप्प राहिला. ती एवढंच म्हणाली, "तुझा बंद आहे." माझा बीकन छातीवर पट्ट्यात होता, बॅटरी भरलेली होती, फक्त मी तो सुरू केला नव्हता. ती दहा पावलांची रीत नसती तर मी दोन तास त्या घळीत एखाद्या दगडाइतकी मुकी फिरले असते, आणि बर्फाखाली गेले असते तर माझ्या तीन मित्रांना मी सापडले नसते.

बीकन म्हणजे काय, ते भाच्याला सांगितलं तसंच इथे सांगते. तळहाताएवढं यंत्र. ते जाकिटाच्या आत अंगाला बांधायचं आणि ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापले बीकन शोधण्याच्या स्थितीत टाकायचे. पडद्यावर बाण आणि अंतर दिसतं, त्यामागे जायचं. अगदी जवळ आल्यावर प्रोब नावाची जोडून लांब होणारी काठी बर्फात खुपसत माणूस लागतो का पाहायचं, आणि मग फावड्यानं खणायचं. फावडं धातूचं हवं, कारण कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. मोबाइल बीकनपासून निदान वीस सेंटिमीटर लांब ठेवायचा, शोधताना त्याहून दूर, नाहीतर संकेतात गोंधळ होतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर ती झपाट्यानं घसरते, कारण त्याचा श्वास कोंडतो. दहा मिनिटांत कुठलंही बचाव पथक पोचत नाही. तिथे असतात ते फक्त तुमचे मित्र. म्हणून एकाकडे बीकन असून उपयोग नाही. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात आणि वापरता यायला हव्यात.

दुसरी संध्याकाळ या वर्षीची, एप्रिलच्या मध्यावरची. माझा वाढदिवस होता. युटा ॲव्हलांच सेंटरचं भाकीत रोज सकाळी येतं. धोक्याच्या पाच पायऱ्या, कुठल्या दिशेच्या आणि किती उंचीच्या उतारांवर काय बिघडलंय, सगळं साध्या भाषेत. चहाबरोबर ते वाचायची सवय आम्हा चौघांना आहे, आणि चौघांतल्या कुणीही नको म्हटलं तर त्या दिवशी फेरी रद्द होते, कारण विचारत नाहीत. त्या सकाळी लिहिलं होतं की रात्री ढग राहिल्यामुळे बर्फ नीट गोठलेला नाही. संध्याकाळी आम्ही चढायला लागलो तेव्हा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप सुटून खाली येत होते, येता येता लाडवासारखे मोठे होत होते. शिक्षकानं वाटेच्या कडेला स्की काढून पाय टाकला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला.

खिंड डोळ्यांसमोर होती, सत्तर-ऐंशी मीटर वर. ऊन होतं, वेळ होता, पिशवीत सुताराला आवडतं म्हणून आणलेलं भडंग होतं, आणि माझा वाढदिवस होता. मी म्हटलं, कडेकडेनं जाऊ. नर्स नाही म्हणाली. आम्ही तिथेच स्किन काढल्या आणि घळीच्या तळाच्या सपाट वाटेनं परतलो.

तो उतार त्या संध्याकाळी सुटला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम चौकशी केली, काही झालं नव्हतं. मला ही गोष्ट तशीच सांगायची आहे, कारण डोंगरातल्या गोष्टींत परतलेल्यांच्या मागे नेहमी काहीतरी कोसळलेलं दाखवतात. बहुतेक वेळा काही कोसळत नाही. काही कोसळलं नाही म्हणून परतणं चुकलं, असं मी त्या रात्री घटकाभर मनात धरलंही होतं. पण ढगाळ रात्र, गोळे आणि गुडघाभर रुतणारा पाय या तीन गोष्टी समोर असताना पुढे जायला आमच्याकडे फक्त माझा वाढदिवस एवढंच कारण होतं.

लहानपणी बाबा आम्हाला पावसाळ्यात कासकडे चालत नेत. ओढ्याचं पाणी गढूळ झालं आणि आवाज बदलला की पलीकडे कितीही काही असो, ते माघारी फिरवत. आम्ही चिडायचो. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओढा कधी फुगतो, घसारा कुठे सुटतो, कुठल्या दगडावर शेवाळ असतं, हे आपल्या पायांना ठाऊक असतं. ३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून तर घाटातल्या उताराकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. हिमस्खलन हा शब्द आपल्याला पुस्तकी वाटतो. आईला सांगताना मी 'बर्फाची दरड' म्हणते, आणि तिला ते एका शब्दात कळतं. तीच नजर बर्फावर नेली पाहिजे. बर्फाची दरड बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून सुटते, आणि स्की करायला सगळ्यांना आवडतात ते उतारही नेमके तेच असतात.

आपल्याकडे हे घडत नाही, असं नाही. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवटवर दोन पोलिश स्कीयर हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला एक रशियन स्कीयर गेला. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक बर्फाखाली गेले. आणि ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक मरण पावले. त्यांच्या पायात स्की नव्हत्या. ते बर्फ बघायला गेलेले, आपल्या पुरवणीतल्या वाचकांसारखे लोक होते.

भारतात भाकीत नाही, असंही नाही. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते आणि तिथली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं ते लोकांपर्यंत पोचवतात. माझ्या भाच्याच्या सहल कंपनीनं, नाव लिहीत नाही, बारा पानांचं माहितीपत्रक दिलं होतं. त्यात हे इशारे कुठे पाहायचे याची एक ओळ नव्हती. आखलेला उतार सोडला की पुढची जबाबदारी कुणाची, हेही नव्हतं. त्यांच्या सोबतच्या मार्गदर्शकाच्या अंगावर बीकन होता. मुलांच्या अंगावर नव्हता. म्हणजे मार्गदर्शक गाडला गेला असता तर मुलांकडे शोधायला काही नव्हतं, आणि मुलं गाडली गेली असती तर त्याला ती सापडली नसती.

माझी आपल्याला विनंती आहे. पुढच्या डिसेंबरच्या पुरवणीत अर्धं पान यासाठी द्या. डिसेंबर ते एप्रिल, पावसाच्या आणि तापमानाच्या आकड्यांशेजारी हिमालयातल्या हिमस्खलनाच्या इशाऱ्याची एक चौकट रोज छापा. जागा चार ओळींची लागेल. ज्या सहल कंपन्या स्कीइंगच्या जाहिराती देतात त्यांना आपल्या बातमीदारानं विचारावं की बीकन, प्रोब आणि फावडं प्रत्येक ग्राहकाला देता का, आणि ते वापरायचा सराव आधी करून घेता का. उत्तरं जशी येतील तशी छापा.

भाचा जानेवारीत परत गुलमर्गला जाणार आहे. मी त्याला जाऊ नको म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. डोंगरातली माझी संध्याकाळ मला जितकी प्रिय आहे तितकाच त्याला तो उतार प्रिय आहे. दिवाळीला मी साताऱ्याला येतेय. माझे दोन जुने बीकन बरोबर आणणार आहे. बीकन शोधायच्या सरावाला बर्फ लागत नाही, गवत पुरतं. यवतेश्वरच्या पठारावर एक बीकन डब्यात घालून गवतात लपवायचा आणि भाच्यानं व त्याच्या दोन मित्रांनी घड्याळ लावून तो हुडकायचा, असं ठरलंय. पहिल्यांदा इथे बर्फात मला बीकन शोधायला अकरा मिनिटं लागली होती, आता तीनच्या आत सापडतो. साताऱ्यातल्या आणखी कुणाला शिकायचं असेल तर आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी येईन.

आपली नम्र,
एक वाचक, सॉल्ट लेक सिटी (मूळ सातारा)